आबेदाबीच्या हातचा दोरा

मुखेडच्या बाजारगल्लीत गुरुपादप्पा सोनाराच्या दुकानाला लागून एक बोळ आत जातो. त्या बोळात डाव्या हाताला तिसरं दार आबेदाबीचं. दारावर पाटी नाही, कधी नव्हतीच. सोनाराकडून घडवून आणलेले मणी, वाट्या, पुतळ्या रुमालाच्या गाठीत बांधून बाई तिथं जायची आणि दोन घटकांनी दागिना गळ्यात घालूनच बाहेर पडायची. सोनार सोनं घडवतो खरं, पण सुटे मणी म्हणजे काही दागिना नव्हे. ते रेशमात ओवायचे, जागोजाग गाठ मारायची, टोकांना जरीचा फास करायचा, हे काम पटवेकऱ्याचं. आबेदाबीचं सासर पिढीजात पटवेकरी. आता आसपासच्या गावांत हे काम हातानं करणारं तेवढं एकच घर उरलं होतं, आणि त्या घरात ती एकटी.

तिचा नवरा मकबूल सायकलला पेटी बांधून खेड्यापाड्यांत फिरायचा आणि ती घरी बसून गाठवायची. अकरा वर्षांपूर्वी मकबूल गेला. मुलगा बिलाल नांदेडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागला, आठा-पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरात आबेदाबी आणि सून सदफ, दोघीच.

ती कामाला बसली की बघत राहावं. भिंतीला पाठ, उजवा पाय लांब, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलेलं. दुसऱ्या टोकाला मेण चोळून ते असं ताठ करायची की सुई लागायचीच नाही. मणी आपसूक चढल्यासारखे चढायचे. बोलता बोलता गाठ पडायची, ती कुठं पडली ते शोधून सापडायचं नाही.

तिच्या घरी सासऱ्यापासून चालत आलेले तीन नेम होते. पहिला, सवाष्णीची पोत गळ्यातून निघाली की ती परत गळ्यात जाईपर्यंत बाईनं समोरून उठायचं नाही. आपल्याकडं मंगळसूत्राला पोतच म्हणतात. तेवढ्या वेळापुरतं हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात ठेवायचं. नवी पोत असली तरी ती आणणारीनं गाठवून होईपर्यंत समोरच बसायचं. दुसरा नेम दोऱ्याचा. पोतीला लाल नाहीतर काळा. पांढरं रेशीम फक्त मोत्यांना. पांढरा दोरा सवाष्णीच्या गळ्यात जात नाही. का ते कुणाला सांगावं लागत नाही. आणि तिसरा, पोतीतून निघालेला जुना दोरा केरात टाकायचा नाही. तो ज्याच्या हातचा त्याच्याच घरी मडक्यात ठेवायचा आणि वर्षातून एकदा लेंडी नदीला सोडायचा. मकबूल होता तोवर तो जायचा, पुढं बिलाल जायला लागला. मुसलमानाच्या घरात सवाष्णींच्या पोतीचे दोरे वर्षभर जपून ठेवलेले असत, आणि यात काही वेगळं आहे असं त्या गल्लीत कधी कुणाला वाटलं नाही.

चार वर्षांमागं आबेदाबीच्या नजरेला कडेकडेनं काळोख यायला लागला. बिलाल तिला नांदेडला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची. थेंब दिले. त्या दिवशी बिलाल औषधाच्या रांगेत होता, म्हणून हे तिनं एकटीनंच ऐकलं. बाहेर येऊन तिनं त्याला सांगितलं, "थेंब दिलेत. राहील म्हणले." राहील तेवढंच सांगितलं, जे गेलं त्याचं नाव घेतलं नाही.

नजर काही राहिली नाही. आधी लाल आणि काळा एक झाले, मग पिवळा आणि पांढरा. गेल्या वर्षापासून सगळंच चुलीतल्या राखेच्या रंगाचं. उजेड कुठून येतो आणि दारात कुणी उभं आहे, एवढं कळायचं.

तरी काम थांबलं नाही, कारण काम तिच्या बोटांत होतं. लाखेचा मणी हलका. नखानं टिचकी मारली तर बद्द वाजतो. जुनी बोरमाळ बहुतेक अशीच असते, वर सोन्याचा पातळ पत्रा आणि पोटात लाख, म्हणून ती कधी ऊन पाण्यात धुवायची नाही. भरीव मणी बोटावर जड बसतो. पोवळं ओठाला लावलं की गार लागतं आणि बराच वेळ गारच राहतं. काचेचा मणी लवकर ऊब धरतो, प्लॅस्टिक तर आधीच उबदार असतं. खरा मोती दातावर घासला की किंचित खरबरीत लागतो, नकली गुळगुळीत निसटतो. तामडा आणि माणिक मात्र तिला बोटांनी वेगळे करता यायचे नाहीत. ते ती गुरुपादप्पाकडं पाठवायची आणि म्हणायची, खड्याचं खरंखोटं सोनाराच्या भिंगाखाली बघावं, मी दोऱ्याची बाई.

बाजारच्या दिवशी कॉलेजातल्या पोरी मोबाईलमधला फोटो तिच्यापुढं धरायच्या. मावशी, असं गाठवून द्या. आबेदाबी मोबाईलकडं तोंड करायची आणि विचारायची, "गळ्याला चिकटून बसतंय का छातीवर लोंबतंय?"

"चिकटून."

"मणी बारीक, का चौकटीचौकटीचे?"

"लई बारीक, खचाखच."

"मग ती ठुशी हाय बाई. चौकटी असत्या तर वज्रटीक म्हणली असते. अन् पोह्यासारखे चपटे असले तर पोहेहार, पण तो लांब. तुमच्या मोबाईलवाल्यानं काय नाव ठेवलंय?"

"चोकर."

"ठेवू द्या. गाठवायला ठुशीच यायची."

पोरी हसायच्या. तीही हसायची. फोटो तिला दिसलेला नाही हे एकीच्याही ध्यानात यायचं नाही. सदफला संशय होता, पण सासूला असं विचारायचं कसं, म्हणून ती गप्प होती.

दोऱ्यांसाठी तिनं जुना मिसळणाचा डबा केला होता. सात वाट्या. मधल्या वाटीत मेण, उजवीकडं वरच्या वाटीत लाल, तिच्याखाली काळा, डावीकडं वरच्या वाटीत पांढरा, मग पिवळा, मग जरीचा दोरा, मग कात्री. जरीचा दोरा बोटाला कळतो. बाकीचं रेशीम एकाच जातीचं, एकाच पिळाचं. बोटाला लाल आणि पांढरं सारखंच. म्हणून रीळ वापरलं की ते त्याच वाटीत गेलंच पाहिजे. एवढा एकच धागा होता ज्यावर तिचं सगळं अडून होतं, आणि तो तिनं चार वर्षं सांभाळला.

गुणाबाई तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. मुखेडपासून दोन कोसांवरच्या वाडीत गुणाबाई आणि तिचा नवरा श्रीमंत यांची शेती. लग्न होऊन आली त्या वर्षी तिची पोत मकबूलनं गाठवली होती, पुढं दर दोन-तीन वर्षांनी आबेदाबीनं. गुणाबाईची पोत सारखी तुटायची. ती डोक्यावर भारा घ्यायची आणि भारा उतरताना पोत अडकायची. म्हणून आबेदाबी तिच्यापुरती मागच्या बाजूला तिहेरी गाठ मारायची, जी बाकी कुणाच्याच पोतीत नसे.

गुणाबाईच्या हरिओमचं लग्न ठरलं. मुलगी तनुजा, उदगीरकडची. नवरीच्या पोतीच्या वाट्या गुरुपादप्पानं घडवल्या. लग्नाच्या चार दिवस आधी गुणाबाई रुमाल घेऊन बोळात आली. काळे मणी, दोन वाट्या, सोन्याचे चार मणी आणि तेलंगणाच्या सीमेकडं असते त्या रीतीप्रमाणं दोन पोवळी. तिनं सगळं आबेदाबीच्या ओंजळीत ओतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली की जीप बाहेर उभी हाय, जाऊबाई बसल्यात, आहेराच्या साड्या राहिल्यात, बांगड्या राहिल्यात.

"बसायचं न्हाई का अक्का?" आबेदाबीनं विचारलं.

"तुमच्यापुढं कशाला बसू? तुमच्या हातचं म्हणजे बघायची गरज न्हाई. दुपारी येऊन घेऊन जाते."

खरं म्हणजे आबेदाबीनं थांबा म्हणायला हवं होतं. नेम नेम असतो. पण समोर बाई बसली की आबेदाबीला सगळा वेळ दिसत असल्यासारखं करावं लागे. मान वाकवायची, डोळे बारीक करायचे, मधेच दोरा उजेडाला धरायचा. त्या सोंगानं ती हातकामापेक्षा जास्त थकायची. गुणाबाई निघून गेली तेव्हा तिला बरं वाटलं. हे बरं वाटणं पुढं तिला फार टोचलं.

त्या दिवशी सकाळी तिनं एका डॉक्टरीणबाईंचा तन्मणी गाठवला होता. तन्मण्याला मोत्यांचे सर असतात, त्यांना पांढरं रेशीम, आणि मागच्या गोंड्याला लाल. काम संपता संपता बिलालचा फोन आला. बोलत बोलतच तिनं बाहेर काढलेली दोन्ही रिळं डब्यात ठेवली आणि बोलत बोलतच झाकण लावलं.

तनुजाची पोत तिनं मन लावून गाठवली. पोवळी ओठाला लावून बघितली, खरी होती. दोन्ही वाट्यांच्या कडांवरून अंगठा फिरवला, कुठं खाच नाही. मणी मण्याला असा भिडवला की मधून दोरा दिसू नये. टोकांवर जरीचा दोरा इतका दाट गुंडाळला की तिथंही दिसू नये. गुणाबाई दुपारी आली, पोत हातात घेऊन लई साजरी झाली म्हणाली, गुळाचा खडा आबेदाबीच्या तोंडात घातला आणि घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सदफला ओढणीच्या काठाला टाका घालायचा होता. तिनं विचारलं, लाल दोरा घेऊ का? आबेदाबी म्हणाली, घे की, उजवीकडली वरची वाटी. सदफनं झाकण काढलं. त्यांच्या घरात बोली दखनी. ती म्हणाली,

"अम्मी, इसमें तो सफेद है."

आबेदाबी वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, उठली होती. ती उभीच राहिली. मग तिनं डावीकडल्या वरच्या वाटीत बघायला सांगितलं. सदफनं बघितलं. लाल तिथं होता.

सदफला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. इतके दिवस जे विचारलं नव्हतं तेही कळलं. ती सासूजवळ बसली आणि तिनं हळू आवाजात, समजुतीनं सांगितलं, की दोरा मण्यांच्या आत असतो, बाहेरून कुणाला दिसत नाही. नवी पोत दोन वर्षं तरी तुटत नाही. तुटली की ती बाई गाठवायला आपल्याच दारी येणार. त्या वेळी लाल घालून देऊ. कुणाला काय कळणार आहे? आणि आज सांगितलं तर उद्यापासून या बोळात कोण येणार?

ती खोटं काहीच बोलत नव्हती. आबेदाबीला सगळं पटत होतं. ती नमाजाला उभी राहिली, ओठ चालत होते, पण मनात एक गळा दिसत होता. तनुजाला तिनं कधी बघितलं नव्हतं, आता बघणारही नव्हती. विशीतली पोर असेल. तिच्या गळ्यात दोन वर्षं ते पांढरं रेशीम घामानं भिजत राहील आणि ते कुणी ठेवलं हे वर एकाला ठाऊक असेल. माणसापासून लपवता येतं. ज्यानं डोळे दिले आणि परत नेले, त्याच्यापासून काय लपवणार? दोन वर्षांत हरिओमला नुसता ताप जरी आला तरी आपला घास उतरायचा नाही, हे तिला नमाज संपायच्या आधीच कळून चुकलं.

सकाळी ती वाडीला निघाली. सदफ सोबत येते म्हणाली, तिला नको म्हणाली. सदफनं तिला ऑटोत बसवलं, लाल दोऱ्याचं रीळ तिच्या मुठीत दिलं आणि मूठ मिटवली.

त्या दिवशी गुणाबाईकडं हळद होती. अंगणात मांडव, पोरांची पळापळ, स्पीकरवर गाणं. आबेदाबी आवाजाच्या रोखानं हळूहळू चालत गेली. गुणाबाईनं तिला ओळखलं, धावत आली, हाताला धरून आत घेऊन गेली. तिला वाटलं, आबेदाबी हळदीला आली. बायकांना सांगायला लागली, बघा, एवढ्या उन्हाची आली माझ्या हरिओमसाठी. आबेदाबी म्हणाली, अक्का, जरा आत चला. देवघराच्या खोलीत दोघी गेल्या. मागोमाग गुणाबाईची जाऊही आली. लग्नघरात दोघींचंच बोलणं कधी होत नाही.

"पोत आणा अक्का. कापायची हाय."

"कामून? काय झालं?"

"दोरा पांढरा गेलाय."

गुणाबाई हसली. तुम्ही अन् पांढरा, काय बोलून राहिल्या, म्हणाली. मग तिचं हसणं थांबलं, कारण समोरचं माणूस हसत नव्हतं. ती वाकून आबेदाबीच्या डोळ्यांत बघायला लागली.

"आबेदाबी," गुणाबाई म्हणाली, "माझ्या लुगड्याचा रंग सांगा."

आबेदाबीनं मान खाली घातली. हळदीचा दिवस, असा विचार करून ती म्हणाली, "पिवळं."

"हिरवं हाय."

एवढंच. त्यापुढं विचारायचं काही उरलं नाही. गुणाबाईनं देवापुढची डबी उघडून पोत काढली. कात्री जावेनं घेतली. मागच्या बाजूला जरीचा फास कापला आणि मणी ताटात घरंगळले. तो आवाज आबेदाबीनं हजार वेळा ऐकला होता, पण दुसऱ्याच्या ताटात कधी नाही. मग जाऊ म्हणाली, "अगं बाई. पांढराच की."

आबेदाबीनं मूठ उघडली. म्हणाली, लाल आणलाय, सदफनं बघून दिलाय, तुम्ही समोर बसा, मी आत्ता गाठवून देते, अर्ध्या तासाचं काम. ती खाली बसली, पाय लांब केला, दोऱ्याचं टोक अंगठ्याला अडकवलंसुद्धा. ताटाकडं हात नेला. ताट तिथं नव्हतं. जावेनं ते उचलून घेतलं होतं.

"आता राहू द्या आबेदाबी," गुणाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ह्यांना धाडते गुरुपादप्पाकडं. त्येच्याकडं तारेत घालून मिळतंय म्हणे. मशीनवर. तुम्ही जेवून जा."

तिला पाटावर बसवून वाढलं. भात, वरण, शेवयाची खीर. निघताना खण दिला, साखर दिली, एका पोराला सांगून ऑटोपर्यंत पोचवलं. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. रागवल्या असत्या तर रडता आलं असतं. ऑटोत ती खण मांडीवर घेऊन बसली आणि मुखेड येईपर्यंत तिची मूठ मिटलेलीच होती.

लग्न नीट पार पडलं. तनुजा घरात आली. देवाच्या दयेनं सगळं चांगलं झालं, आणि तसं गुणाबाईनं निरोप धाडून कळवलंही.

पण वाडीतल्या बायकांनी आपापल्या गळ्याला हात लावला होता. सगळ्यात आधी त्या जावेनं. तिची पोत वर्षामागं गाठवलेली. तिनं ती लग्नाच्या तिसऱ्या दिवशी कापली. आत लाल निघाला. पण कापलेली पोत तशीच कशी ठेवायची, म्हणून ती मुखेडला गेली आणि गुरुपादप्पाकडून तारेत घालून आणली. मग शेजारणीचं मन राहिना. तिच्या सासूचं राहिना. पलीकडच्या गावात तिची बहीण दिलेली, तिच्या कानावर गेलं. कुणी वाईट बोललं नाही. सगळ्या हेच म्हणायच्या, बिचारीचा काय दोष, डोळेच गेले. पण आपलं आपण बघून घेतलेलं बरं, कुंकवाचा कारभार हाय. गुणाबाईलाही लोक म्हणाले, तू समोर बसली असतीस तर. 

गुरुपादप्पाच्या दुकानापुढं बायकांची रांग लागायची. त्यानं तार पिळायचं आणखी एक मशीन घेतलं. तो माणूस वाईट नाही. तो एकदा बोळात आला, बाहेरूनच बोलला, की भाभी, मी काय कुणाला बोलावलं न्हाई. आबेदाबी म्हणाली, ठाऊक हाय. रांगेतलं बोलणं तिला दारात बसून ऐकू यायचं. आवाजावरून ती बायका ओळखायची. ही पोहेहारवाली, हिची एकदाणी मकबूलनं गाठवली होती, ही दर नवरात्रात पुतळ्यांची माळ घेऊन यायची. तिच्या दारावरून जाताना त्या हळू बोलायच्या. दोघी-तिघी आत येऊन बसूनही जायच्या. चहा प्यायच्या, तब्येत विचारायच्या. रुमाल कुणाच्या हातात नसे.

बिलाल आला. म्हणाला, अम्मी, नांदेडला चल, आता इथं काय ठेवलंय? ती नको म्हणाली. मिसळणाचा डबा सदफनं घासून स्वयंपाकघरात घेतला आणि त्यात हळद-तिखट भरलं. तिनं विचारूनच घेतला होता.

दीड महिन्यानं एका दुपारी गुणाबाई आली. तिच्या गळ्याशी मण्यांचा आवाज वेगळा होता, पण ते आबेदाबीच्या लगेच ध्यानात आलं नाही. गुणाबाईनं तिच्या मांडीवर एक पुडकं ठेवलं. रुमालच होता, गाठ मारलेला. क्षणभर आबेदाबीचा हात हलका झाला. तिनं गाठ सोडली. आत मणी नव्हते. दोरे होते. मूठभर, गुंतलेले.

"सगळ्यांचे गोळा केले मी," गुणाबाई म्हणाली. "घरोघर जाऊन मागितले. केरात जायला नको म्हून. तुमच्या हातचे, तुमच्याच घरून नदीला जावेत." मग जरा थांबून, जणू हेच सांगायला इतक्या लांब आली होती असं म्हणाली, "एक बी चुकला न्हाई आबेदाबी. सत्तावीस पोती कापल्या. सगळ्यांत लालच. जिथं काळा पाहिजे तिथं काळा. तेवढा एकच गेला होता."

तिला दिलासा द्यायचा होता. मनापासून द्यायचा होता. आबेदाबी मान हलवत राहिली. तिची बोटं दोऱ्यांत शिरली होती. रंग काय, तिला सगळे एकच. पण गाठी कळत होत्या. प्रत्येक दोरा मधोमध कापलेला, आणि कापलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिच्या गाठी जशाच्या तशा, घट्ट. हा पाटलाच्या धाकट्या सुनेचा, गळा बारीक. हा शिक्षिकेचा, हिला घट्ट चालायची नाही. हा तिच्या नजरेच्या चांगल्या दिवसांतला, हा नंतरचा. गाठीत काहीच फरक नाही.

एका दोऱ्यावर तिचं बोट थांबलं. ती परत मागं गेली. मागच्या बाजूची गाठ तिहेरी होती.

तिनं दोरा वेगळा काढला आणि गुणाबाईच्या पुढं धरला. "अक्का, ह्यो?"

 गुणाबाईनं मान हलवली असेल किंवा नसेल, ते आबेदाबीला दिसलं नाही. बोळातून एक मोटारसायकल गेली. तेव्हा कुठं तिला कळलं की गुणाबाई आल्यापासून गळ्याशी जो आवाज होत होता तो तारेचा होता. रेशमात मणी असा किणकिणत नाही.

"मन राहिना आबेदाबी," गुणाबाई म्हणाली. "तुमचा लाख भरवसा. पण मन राहिना. मी सगळ्यांच्या शेवटाला कापली."

"बरं केलं," आबेदाबी म्हणाली.

सदफनं चहा आणला. गुणाबाईनं अर्धाच घेतला आणि तनुजाला दिवस गेल्याचं सांगून उठली. आबेदाबीनं दोघींना दुवा दिली, खरी दुवा दिली. पावलं बोळातून दूर गेली.

संध्याकाळपर्यंत ती तशीच बसून होती. सदफ मडकं घेऊन आली तेव्हा तिनं पुडकं तिच्या हातात दिलं. म्हणाली, बिलालला सांग, ह्या खेपेला सगळंच नदीला सोड, मडकं बी. आता परत भरायचं न्हाई.

सदफनं दोरे मडक्यात घातले. तिहेरी गाठीचा तेवढा आबेदाबीच्या हातात राहिला. तिनं पाय लांब केला आणि सवयीनं त्याचं टोक अंगठ्याला अडकवलं. दोरा मधेच कापलेला, आखूड. तो हातापर्यंत पोचला नाही.